जिथून भरत होतो

दर चैत्रात गॅस भरायचा
आणि आखाजीच्या आत
जाळीतून पुन्हा तीच भट्टीची वाफ.
चार वर्षं, चार दुकानं,
चार पावत्या डॅशबोर्डच्या कप्प्यात.

मग काचा उघड्या. यावल ते बऱ्हाणपूर
लू कानात शिरलेली,
शेजारी हेमलता, तोंडावर पदर.
ती काहीतरी म्हणायची,
निम्मं वाक्य मागच्या खिडकीतून
केळीच्या बागांत उडून जायचं.
"काय?"
"काही नाही."
चार उन्हाळे आमचं बोलणं एवढंच.

पाचव्या वर्षी सावद्याला
रुबाब तडवीकडे गाडी लावली.
केळी पिकवायच्या कोठारांचे कंप्रेसर
दुरुस्त करण्यात त्याची पंचविशी गेली.
गाडीचा एसी म्हणजे त्याला लेकराचं खेळणं.

म्हटलं, गॅस भरून दे.
"गॅस काय पेट्रोल हाये का काका, जयाले?
गेला त कुठून तरी गेला.
आधी ते भोक पाहू."

पत्रा हात लावू देत नव्हता.
मडगार्डवर ओली गोणी टाकून तो वाकला,
निळी नळी, लाल नळी, वर घड्याळं,
नायट्रोजन सोडला.
काटा चढला, थांबला.

मग स्टीलच्या पेल्यात भांड्यांचा साबण
आणि दाढीचा झिजलेला ब्रश.
एकेका जोडाला फेस लावत गेला,
घाई नसलेल्या गिऱ्हाइकाला न्हावी लावतो तसा:
कंप्रेसरची मान, कंडेन्सरचे कोपरे,
जिथं जिथं तेलावर धूळ बसून
काळा चट्टा धरलेला, तिथं दोनदा.
बुडबुडा नाही.

"राहू द्या रातभर."
रात्रभर राहिली.
सकाळी काटा तिथंच. तसूभर ढळलेला नाही.
साक्षीदार फुटल्यावर
आरोपी कसा गालात हसतो,
तशी माझी गाडी उभी.

रुबाबनं बशीतला चहा संपवला,
कुणाशी काही न बोलता नळ्या काढल्या,
आणि ज्या तोंडाला त्या लावल्या होत्या
त्यावरच फेसाचा एक थेंब सोडला.

आम्ही दोघं वाकून.
थेंब थरथरला. फुगला.
झोपलेल्या तान्ह्याच्या ओठांवर येतो
तेवढाच फुगा, फुटला,
आणि मागून दुसरा.

"ज्या तोंडानं चार वर्सं भरलं ना काका,
त्याच तोंडानं गेलं.
घड्याळ लावलं का तोंड दाबलं जाये,
म्हणून रातभर शहाणं."

मी हसलो. मग हसू राहिलं.
पाहुणे आले की आमच्याही घरी
काटा असाच असतो, जागच्या जागी.

तांदळाच्या दाण्याएवढा व्हॉल्व्ह,
त्यावरचं रबर चपटं होऊन गेलेलं.
नवा चाळीस रुपयांना.
त्यावरची टोपी तर कुणी कधी बसवलीच नव्हती,
ती त्यानं भंगारातल्या टेम्पोची काढून दिली.
पाऊण तास पंप घरघरत राहिला,
आतली हवा, आतली ओल ओढून काढत,
मग वजनकाट्यावर बाटली ठेवून
साडेचारशे ग्रॅम, एक ग्रॅम जास्त नाही.

पावती मागितली.
"पावती काय करता? पुन्हा गयालं त या."

संध्याकाळी हेमलताला बहिणीकडून घेतलं,
काचा वर केल्या.
फैजपूर येईतो काही नाही,
फक्त पंख्याचा बारीक आवाज
आणि दाराच्या मुठीवर तिची बांगडी.
किती वर्षांनी ऐकली.

"इतलं गार नको," ती म्हणाली.
एक आकडा कमी केला.

पुढे कॅनॉलच्या पुलावर:
"मागच्या मे महिन्यात बऱ्हाणपुराहून येताना
मी तुम्हाला काहीतरी सांगितलं होतं."

"काय?"

पदर तिनं मांडीवर घडी करून ठेवला होता.
या वेळी ती काही नाही म्हणाली नाही.