चौथं रीळ आधी

सिनेमाचं नाव सांगत नाही.
सांगितलं की तुम्ही शोधाल,
आणि सापडेल तो नीट लावलेला.

मी सांगलीत, मार्केट यार्डात, वजनकाट्यावर बसतो.
हळदीची गाडी भरलेली येते, रिकामी जाते.
मधला फरक पावतीवर लिहितो.
बाकी माझी मतं सगळी सिनेमाबद्दलच,
आणि ती कुणी विचारलेली नाहीत.

आता तो ड्रोन.
गाव वरून कोण बघतं?
घारी, आणि पुरात पाकिटं टाकणारं हेलिकॉप्टर.
गच्चीवरून आम्ही हात हलवत होतो तेव्हा
आम्हीही फार सुंदर दिसलो असणार.

नाहीतर ते बक्षीसवाले, संथ.
आवडतात मला, खोटं कशाला बोलू.
पण त्यातली माणसं खिडकीबाहेर किती वेळ बघतात!
आमच्यात कुणी एवढा वेळ बघितलं
तर आई आतनं विचारते, पोट दुखतंय का?
आणि त्यांच्या गरिबीत उन्हाची तिरीप
बरोब्बर तांब्यावरच पडते.
आमच्या मोरीत ऊन कधी आलंच नाही.

त्यापेक्षा तो भुताचा, उसनवारीवर काढलेला,
भुताच्या मनगटावर घड्याळ तसंच राहिलेलं.
थेटरात शिट्ट्या. मी एकटा गप्प.
मेल्यावरही कुणाला कुठंतरी वेळेत पोचायचं असेल,
हे मला तोवर सुचलं नव्हतं.
दिग्दर्शकालाही नसेल.
म्हणून तो सिनेमा मोठा.

तर तो, नाव न सांगितलेला.
दोन हजार पाचचा पूर उतरला होता.
खुर्च्यांच्या पाठींवर गाळाची रेघ,
रिळांच्या पेट्यांवरची लेबलं धुऊन गेलेली.
दस्तगीर मुजावरनं अंदाजानं चढवली.
आम्ही अकरा जण, बारावा दारावरचा.
पडद्यावर बाप कालव्यात बुडाला,
पोरानं डोकं भादरलं,
आणि पुढच्या रिळात बाप
कट्ट्यावर बसून बशीतनं चहा पितोय.
कुणी काही बोलत नाही.
डोक्यावर सगळे केस असलेला पोरगा
शेजारनं जाताना म्हणतो,
'बाहेर गारठा आहे,' आणि आत जातो.
त्याच्या पुढच्या रिळात बाप पुन्हा नाही.
त्याचंही कुणी काही बोलत नाही.

बारा वर्षं मी सांगत फिरलो,
मराठीत असा सिनेमा झालेला नाही.

मग सुकुमार मगदूमनं मोबाईलवर काढून दाखवला.
चहा आधी. कालवा नंतर.
बाप मेला तो मेलाच, मागं सारंगी.
चांगला आहे, म्हणालो,
शेजाऱ्याच्या लग्नातल्या जेवणाला म्हणतात तसं.
सुकुमार टॅक्सचं काम करतो.
म्हणाला, अरे हाच खरा, करणाऱ्यानं केलेला.
म्हणालो, मग करणाऱ्याला तो कळला नाही.
म्हणाला, गोष्ट तर तीच आहे की,
बेरीज कुठूनही कर.

बेरजेचं मला नको सांगू, सुकुमार.
काट्यावर आधी भरलेली तोला नाहीतर रिकामी,
माल तेवढाच.
हे मला दिवसातनं शंभर वेळा पटतं.
म्हणून तर सिनेमाला जातो.

परवा दस्तगीर मिरजेत दिसला,
नातीला क्लासला सोडायला निघालेला.
विचारलं, चुकून, का मुद्दाम?
तो बराच वेळ स्कूटरचा आरसा पुसत राहिला.
'रोजचे चार खेळ,' म्हणाला, 'आठवडाभर.
चुकलंय हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.'

मग किक मारली. लागली नाही.
पुन्हा मारली.
मागनं नात म्हणाली,
नाना, उशीर होतोय.