गट नंबर तीनशे बारा

मोजणीची साखळी ओढत घाणेरीत शिरलो
आणि हात भिंतीला लागला.
चुन्याचे पोपडे, आत जांभा, ओला, लाल.
"दमानं, साहेब," एलिया म्हणाला, "आत फुरशी हायत."

पत्रे कुठल्याशा वळवात उडाले.
तुळया गुऱ्हाळाच्या चुलवणात गेल्या;
त्या साली गूळ काळा निघाला, म्हणे.
कुणी म्हणतं, ऊसच चोपणातला होता.
घंटा तेवढी हायस्कूलला आहे:
सहा दिवस वाजते, रविवारी गप्प.

बाकी आत आभाळ.
व्यासपीठाच्या जागी उंबर, मुळ्यांत फरशी आवळून.
पलीकडे पन्हाळा, धुक्यात अर्धा.
उसाचे तुरे खिडकीतून डोकावतात
उपासनेला उशिरा आलेल्या पोरांसारखे.

मी आकडे सांगत होतो. लांबी अठरा, रुंदी
साडेसात. पलीकडून हुंकार येईना.
वळून पाहिलं, तर उंबरठा नसलेल्या दारात
एलिया चपला काढत होता.
"अरे, फुरशी—"
"व्हय," म्हणाला, आणि अनवाणी आत आला,
डाव्या अंगाला वळला.
"ही बायकांची बाजू. आय हितं
खांबाला टेकून बसायची.
खोकला हुता तिला. गाण्यात दडवायची."
खांब नव्हताच. रुईचं झाड होतं, गुडघ्याएवढं.

शेऱ्याच्या रकान्यात 'पडीक' लिहायचं असतं.
साखळीचं दुसरं टोक त्याच्या मुठीत होतं;
दुपार होईतो
त्यानं ते जमिनीला लागू दिलं नाही.