एक्क्याण्णव सुया

त्या सकाळी नर्स लेसिएली वर्गात आली ती
प्लास्टिकच्या घमेल्यात डुकराचं हृदय घेऊन.
आदल्या दिवशी फेलेतीच्या चुलत्याची मयत झाली होती,
गावजेवणाला सात डुकरं पडली,
त्यांतलंच हे एक, तिनं मागून आणलेलं.
मागच्या बाकांवर कुणी नाक धरलं,
कुणी म्हणालं, "मीठ आणू का, बाई?"

लिफुका बेटावरची आमची शाळा.
पत्र्याखाली नववीचे एकतीस जण,
खिडकीत समुद्र, आणि समुद्राच्या अलीकडे
बायकांची साल कुटायची पडवी.
धप्प-धप्प, धप्प-धप्प,
कापडासाठी दिवसभर ओंडक्यावर मोगऱ्या पडायच्या.
तो आवाज आम्हाला ऐकू येत नसे,
आपलाच श्वास येत नाही तसा.

"आपल्याकडं शब्द दोन," लेसिएली म्हणाली,
"लोतो म्हणजे जिथं माया राहते, रुसवा राहतो.
त्याचं पाद्री बघतील.
मी आलेय माफूसाठी. हे. मुठीएवढं मांस."
आणि सुरी चालवली.
आत दारं होती.
ओल्या कागदासारखी पातळ, दोऱ्यांनी बांधलेली.
तिनं पाणी सोडलं, ते सरळ गेलं.
उलटं सोडलं, दारं मिटली.
मागच्या बाकांवरचा हशा तिथं थांबला.

घसा दुखतो, आपण गुळण्या करतो, विसरतो,
ती सांगत होती.
काही आठवड्यांनी गुडघा सुजतो, मग घोटा,
आपण म्हणतो, रग्बीत लागलं असेल.
सूज उतरते. आई देवाचे आभार मानते.
आत या दारांच्या कडा आखडत गेलेल्या असतात.

मग बागेच्या पाइपाचे तुकडे, टोकाला नरसाळं.
दोघादोघांनी एकमेकांचं ऐकायचं.
माझ्या वाट्याला फेलेती आला,
लांब नाकाचा, नाचात सगळ्यांच्या पुढं.
मी कान लावला.
धप्प,
मग एक सळसळ,
मग धप्प.
ओहोटीला खडकांच्या फटीतून
पाणी माघारी येतं तशी.
मी ओरडले, "बाई, ह्याच्या छातीत कुणीतरी कुजबुजतंय!"
वर्ग उसळला. कोण रे? नाव सांग, नाव सांग!
फेलेती लाजून हसला,
मी त्याच्याहून जोरात.

लेसिएली हसली नाही.
सुरी तिनं घमेल्याच्या काठावर ठेवली,
हात पुसले, सावकाश, दोनदा.
घंटा झाल्यावर म्हणाली,
"तू थांब. आणि तुझी आई कुठंय?"

आई पडवीत होती, मोगरी हातात.
गुडघे सुजले तेव्हा खोबरेल चोळलं होतं तिनं.
तेच सांगत राहिली,
चोळलं होतं, रोज चोळलं होतं.

शुक्रवारच्या बोटीनं दोघं राजधानीला गेले.
तिथं छातीवर थंडगार जेल,
पडद्यावर एक करडं दार,
पुरतं न मिटणारं.
परत आला तो निळं कार्ड घेऊन:
दर अठ्ठावीस दिवसांनी सुई, कमरेखाली,
निदान एकविसाव्या वर्षापर्यंत.
मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला.
एक्क्याण्णव.

पहिल्या सात तो आपणहून टोचून आला.
आठवीच्या दिवशी मॅच होती,
फणसाच्या झाडामागं सापडला.
मी काही बोलले नाही, नुसती पुढं चालू लागले,
तो शिव्या देत मागून.

तेव्हापासून मला
साल कुटायचा आवाज ऐकू येतो.
दुपारी बायका जेवायला उठल्या
की मी हातातलं काम सोडून
तो पुन्हा सुरू व्हायची वाट बघते.

कार्डावर आता चौऱ्याहत्तर शिक्के.
उद्या पंचाहत्तरावी.
तो बंदरावर माल उतरवत असेल, विसरला असेल.
चपला दाराशीच ठेवल्यात.