टोपीवाला ए

न्यूटाउनच्या लोकर-गोदामात सहा संगणक.
पाचांवर चालतं. सहाव्यावर नाही.

"माझ्या मशीनवर तर चालतं" हे वाक्य
मी बर्मिंगहॅमहून निघतानाच घरी ठेवलं होतं.
छत्रीही राहिली त्याच्याबरोबर.

पहिला दिवस ओळख पटवण्यात गेला.
निळी खिडकी विचारत राहिली, प्रकाशक कोण?
अनोळखी.
सहीचं प्रमाणपत्र रविवारी संपलेलं,
फ्रिजच्या तळाशी विसरलेल्या दह्यासारखं.
नवीन आणलं, तर अँटिव्हायरसने
अख्खी एक्झे फाइल गिळली,
ढेकरसुद्धा दिली नाही.
मग एक डीएलएल सापडेना.
माझ्याकडे ती इतकी वर्षं होती
की सोबत द्यावी लागते हेच डोक्यात आलं नव्हतं,
पाहुण्याघरी जाताना मीठ कोण बांधून नेतं?

हे सगळं निस्तरलं. उरली शान प्रॉबर्ट.

शान वजनकाट्यावर बसते.
गाठी येतात, टेकतात, पुढे सरकतात,
तिच्या कीबोर्डवर मेंढीच्या तेलाचा थर,
त्यातून फक्त आकडे चमकतात.
तिच्या पडद्यावर आयकॉनला दोनदा टिचकी मारली की
खिडकी उघडते, पापणी लवते, मिटते.
काय दुखतंय ते सांगत नाही.
नोंदींची फाइल शोधली, तर फाइलच नाही.

विंडोज तेच. मेमरी तेवढीच.
शेजारच्या हिउच्या संगणकाशी
एकेक ओळ ताडून पाहिली,
दोन जुळ्यांचे तीळ मोजावेत तशी.
काढलं, घातलं, पुन्हा काढलं.
साडेतीनला ट्रकवाला आला.
शानने त्याच्या कागदावर सही केली.

चारी अक्षरं लिहून झाली,
ट्रकवाल्याने हात पुढे केला,
आणि तिचं पेन मागे आलं
तिसऱ्या अक्षरावर एक टोपी ठेवायला.
आपल्या ऑफिसच्या ऑवरचा चंद्र
पालथा घातला तर दिसेल तशी.

थांब, मी म्हणाले.
परत लिही.

तिच्या नावाचंच फोल्डर, यूझर्सच्या आत.
माझा प्रोग्रॅम तिथे जायचा सेटिंग वाचायला,
नोंद ठेवायला, रड असेल तर रडायला.
आणि मी पत्ता वाचत होते जुन्या चालीने,
एका घरात एक अक्षर, असं धरून.
टोपीवाल्या ए ला दोन घरं लागतात.
दार चुकत होतं. रडायची जागाही त्याच दाराआड.

"काढून टाकू का टोपी?" शान म्हणाली.
"बँकेने काढली. दवाखान्यानेही.
नवं खातं उघडायला पाच मिनिटं."

बिल्डला अकरा लागतात.
मी म्हटलं, चहा ठेव.

त्या अकरा मिनिटांत मला
माझ्या आडनावातला ळ आठवला.
त्याला कुणी काढलं नव्हतं.
नोकरीच्या पहिल्याच मेलखाली
मीच लिहिलं होतं, उत्पला जी.,
समोरच्याला त्रास नको म्हणून,
समोरच्याने काही विचारायच्या आधीच.

आवृत्ती १.४.३. खिडकी उघडली.
उघडीच राहिली.
पहिली गाठ, तीनशे बेचाळीस किलो,
आणि प्रिंटरमधून लेबल:
शानच्या ए वर आता टोपीऐवजी लाट,
आणि त्याला चिकटून
कुठून आलं कुणास ठाऊक,
एक अमेरिकन सेंट.

शान इतकी हसली की काटा हलला.
लेबल तिने किटलीवर चिकटवलं.

परतीच्या गाडीत
सेव्हर्न डाव्या हाताला होती की उजव्या, पाहिलंच नाही.
चाचणीच्या यादीत सगळे
टेस्ट एक, टेस्ट दोन, टेस्ट तीन.
त्यांच्याखाली माझ्याच लॅपटॉपवर
नवा वापरकर्ता काढला, देवनागरीत,
उत्पला गोंधळेकर, ळ सकट,
आणि इन्स्टॉलर चालवला.

श्रूजबरी येईपर्यंत
तो त्रेसष्ट टक्क्यांवर बसून होता.
मग गप्प मिटला.

"माझ्या मशीनवर चालत नाही,"
मी शानला कळवलं.
तिचं उत्तर आलं:
किटली मात्र चालतेय.