गंजकीची घुरघुर

इंजिन ऐकायचं ते असं:
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडवर टेकवायचं,
मूठ कानामागच्या हाडाला
आणि डोळे मिटायचे.
व्हॉल्व्ह बोलतो, नोझल बोलतो,
बेअरिंग जायच्या आठ दिवस आधी कुरकुरतं.
देवगड बंदरात एकतीस वर्षं मी हेच केलं.
खलाशी पोरं म्हणतात,
"दाजीक इचारा, दाजीच्या कानात डॉक्टर बसलो आसा."

तसाच ऐकायला गेलो हिला.
बर्फाच्या कारखान्यामागून आली एक दिवस,
पोटात पिल्लं की जंत, कळेना.
गंजलेल्या पत्र्याचा रंग, म्हणून गंजकी.
मांडीवर चढली, घुरघुर सुरू झाली,
मी म्हटलं, सहा सिलिंडर, टायमिंग चोख,
बाई खूश आहे.

मग होड्या वर ओढायच्या दिवसांत
विंचची साखळी तिच्या पायावर पडली.
रात्रभर खोक्यात होती.
पाय वाकडा, जीभ कोरडी,
आणि घुरघुर तीच, तेवढीच,
एकही ठोका न चुकवता.
कणकवलीचे डॉक्टर म्हणाले, दुखतं तेव्हाही घुरघुरतात.
स्वतःला थोपटत असतात.

एकतीस वर्षांचा कान
असा पाण्यात गेला.

त्यानंतर मी तिला नुसतं बघायला लागलो,
टीव्हीचा आवाज बंद करून बघावा तसं.

जेट्टीवरून येते तेव्हा शेपटी उभी,
टोकाला गळासारखा बाक.
तो बाक असला की दिवस बरा गेलाय.
शेपटी फरशीवर आपटते तेव्हा मात्र जवळ जायचं नाही;
कुत्र्याचा हिशोब इथे लावलेला
मनगटावर अजून दिसतो.
एक कान ट्रॉलरकडे वळला तरी दुसरा माझ्याकडे सैल.
मिशा ना ताणलेल्या, ना गालाला चिकटलेल्या.

तेलकट चिंध्यांचा ढीग पंज्यांनी मळते,
उजवा, डावा, उजवा,
घाई नसलेले दोन पिस्टन.
तेव्हा तिच्या तोंडातून थेंब गळतो.
पहिल्यांदा मी घाबरलो, सील गेलं वाटलं.
सील शाबूत आहे.
सुखच गळतंय.

पोट वर करून लोळते
ते दुरुस्तीला उघडलेलं झाकण नव्हे.
हात घालायचा नसतो.
तिने दाखवलं, आपण पाहिलं, एवढंच.

आणि डोळे.
लांबून बघत अर्धे मिटते,
सावकाश उघडते, किल्ल्यावरच्या दीपगृहापेक्षाही सावकाश.
मी आजूबाजूला कोणी नाही ना पाहिलं
आणि तसंच केलं.
तिने पुन्हा मिटले.
साठ वर्षांच्या माणसाने
मांजराला डोळे मिचकावून उत्तर द्यावं,
आणि त्या दिवशी पाना हातात घ्यावासाच वाटू नये!

तनुजाचा फोन रात्री आठला येतो, पिंपरीहून.
"बाबा, बरे आहात ना?"
"बरो आसंय."
तिची आई गेल्यापासून रोज हेच,
एका लयीत, एकही ठोका न चुकवता.

परवा म्हणाली, व्हिडिओ लावा.
ग्रीसच्या डब्याला टेकवून फोन उभा केला.
काही विचारेना. नुसती बघत राहिली,
दाढीकडे, मागच्या न घासलेल्या टोपाकडे.
मग म्हणाली, "बाबा, बोटं कशाला आपटताय टेबलावर?"

मला ठाऊकच नव्हतं.
हात उचलून मांडीवर ठेवला.
तो तिथेही आपटायला लागला.

तेवढ्यात गंजकी आली,
साडेतीन पायांवर, शेपटीला बाक घेऊन,
आणि फोनसमोरच बसली.
तिकडे पडदाभर गंज झाला असणार.
पलीकडून हसण्याचा आवाज आला,
मोकळा, तिच्या आईसारखा.

आवाजावर मी आता जात नाही.
मांजर अलगद बाजूला सरकवलं
आणि चष्मा पुसून
पोरीचे डोळे बघितले.