धुवारीतला टावर

पाठ सातवा, दीपगृह.
आचलला चित्र काढून न्यायचं होतं सोमवारी,
आणि आमच्या कोहळीटोल्यापासून समुद्र
रात्रभराच्या रेल्वेहून लांब.
म्हणून मी म्हटलं, चल,
मोठेबाबाचा टावर पाहून येऊ.

तिघं एका गाडीवर. माघ.
धुवारी अशी की हेडलाईट टाकला
तर भिंतीला आपटल्यासारखा परत यायचा.
धानाचे बांध गेले, लाखोरीची फुलं गेली,
शेवटी पुढचं चाकही गेलं,
नुसतं हँडल माझ्या हातात.

रेवारामदादा तलावावर रोजंदारीचा.
पाटाचं दार उघडायचं, ग्रीस लावायचं,
रात्री टावरवर एक दिवा.
कागदावर त्याचं कारण 'देखभाल' एवढंच,
पण ढिवर त्याच दिव्यावर डोंगा धरून घरी येतात.

टावरवर जायला लोखंडी पूल.
मधेच कुठेतरी आचलचा हात सुटला,
आणि हात सुटला म्हणजे मुलगीच पुसली गेली.
प्रणिताने हाक मारली. हाक
ओल्या कापसासारखी तिथेच पडली.
खाली पाण्यात डुब् असं काही वाजलं.
मरळ असेल, असं मी बोललो नाही,
नुसतं मनात म्हणत राहिलो.

मग वरून ठण्.
थोडं थांबून ठण् ठण्.
दादा डब्याचं झाकण कठड्यावर मारत होता.
(लाईन गेली का असंच करतो जी मी,
धुवारीत दिवा का कामाचा, हे त्याने नंतर सांगितलं.)
आणि उत्तरादाखल, आमच्या मागून नाही, पुढून,
कंपासपेटीने कठडा वाजला.
ती केव्हाच पोचत आली होती.

वर काहीच दिसलं नाही.
चार खिडक्या, चारींत दूध.
दादाने तुरीच्या शेंगा उकडून ठेवल्या होत्या मिठात.
टरफलं बाहेर टाकली,
ती पाण्यावर पडल्याचं कळलंच नाही.
प्रणिता आचलची रिबन
सोडून बांधत, सोडून बांधत राहिली.
चित्राची वही कोणी उघडली नाही.

परतताना पोरगी मागे बसून
झाकण वाजवत होती. दादाने देऊनच टाकलं होतं.
फाट्यावरचा चहावाला धुवारीतूनच ओरडला,
"का विकून रायले जी?"
"काहीच नाही," प्रणिता म्हणाली,
पुलानंतर पहिल्यांदाच बोलली,
"आमी येऊन रायलो, एवढंच."