उणे दोन

अकरा उन्हाळे ही थंडी मी
छतावरून ऐकत आलोय.
तीन नंबरचा कॉम्प्रेसर दुपारी दोनला धापा टाकतो,
बाहेर दुबई सेहेचाळीसवर असते तेव्हा.

आज पहिल्यांदाच आत. स्टाफचा पास, मुदत आजचीच.
भाड्याचे हातमोजे, आतून दुसऱ्याच्या घामाने ओले.

काउंटरवरचा रोडेल विचारतो, "स्की की बोर्ड?"
चहा की कॉफी विचारावं तसं.

स्की म्हणजे दोन पाय, दोन फळ्या,
आणि दोघींचं आपसात पटवायचं काम तुझं.
पण संध्याकाळपर्यंत उभा राहशील, म्हणतो.
बोर्ड एकच. दोन्ही पाय त्यालाच जखडायचे,
उतार खांद्यावरून बघायचा.
दोन दिवस नुसतं आपटणं,
मग कधीतरी येतं.

माझ्याकडे दोन तास आहेत
आणि शिडीवरून एकदा निसटलेला डावा गुडघा.
शहाण्याने स्की घ्यावी.

मागे एक चिमुरडी जड बुटांनी फरशी ठोकतेय.
मी अजून "तसं बघितलं तर" म्हणतोय
तोच रोडेल काउंटरमागून येतो,
न सांगता पाठीत हलकंच ढकलतो.
उजवा पाय पुढे पडतो.
"हा तुझा पुढचा पाय," तो म्हणतो. "बोर्डावर हाच लागतो."

पन्नाशीपर्यंत मला हे ठाऊक नव्हतं.
पायाला होतं.

"बोर्ड दे."

पाचव्यांदा पडलो तेव्हा उठलो नाही लगेच.
वर माझंच छत, खालून.
दोन वाजले असावेत.
तीन नंबर धापा टाकत होता,
आणि मीही.